फुकटची अवजारं

पुण्यात सकाळी नऊला हॅकर न्यूज उघडलं तर कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसात. समोर दिसतं ते तिकडच्या दिवसभराच्या मतदानाचं उरलंसुरलं. आपण रात्री जेवायला बसतो तेव्हा तिकडे खरा बाजार भरू लागतो. कुणीतरी लिंक टाकायची, बाकीच्यांनी मतं द्यायची आणि त्यावरून पहिलं पान लागायचं, ही डिग (२००४), रेडिट (२००५) आणि हॅकर न्यूज (२००७) यांची रीत. तिन्ही अमेरिकेतली, तिन्हींचं घड्याळ तिकडचं. त्यामुळे या वहीत टिपून ठेवलेली बहुतेक अवजारं एकाच कामाची आहेत: दुसऱ्यांनी लावलेला क्रम मोडून आपल्या सवडीने वाचणं. सगळी फुकट. त्या ‘फुकट’बद्दलही मधूनमधून लिहिलं आहे.

*

हॅकर न्यूजचा क्रम कसा लागतो, हे ती साइट सुरू करणाऱ्या पॉल ग्रॅहमने आर्क या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मूळ कोडसकट उघड केलं होतं. मतांतून एक वजा करायचा. लिंकचं वय तासांत घेऊन त्यात दोन मिळवायचे आणि त्या बेरजेचा १.८ वा घात काढायचा. मग पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. चार तास जुन्या, १०० मतांच्या लिंकला ३.९ गुण मिळतात. तासाभराच्या, ३० मतांच्या लिंकला ४.०. म्हणजे तीसवाली वर, शंभरवाली खाली. प्रत्यक्षात यावर वाचकांच्या तक्रारी आणि संपादकांचा हात असं बरंच काही चढतं, पण मूळ चाल हीच. एखादी सुरेख लिंक आपण झोपेत असताना वर येऊन खाली गेलेली असते, याचं कारण या भागाकारात आहे.

*

यावरचा पहिला उतारा साइटवरच पडून आहे. वरच्या पट्टीतल्या ‘पास्ट’वर टिचकी मारली की कालचं पहिलं पान येतं, आणि मागे मागे कुठल्याही तारखेपर्यंत जाता येतं. अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘लिस्ट्स’ आहे. त्यात सर्वाधिक मतांच्या लिंका, गाजलेल्या प्रतिक्रिया, सध्या जिथे वाद रंगला आहे ते धागे असे वेगवेगळे कप्पे मिळतात. वर्षानुवर्षं रोज येणारेही तळापर्यंत जात नाहीत.

दुसरा उतारा बाहेरचा. एच-सी-के-आर न्यूज (स्वर गाळलेलं नाव) ही साइट त्याच लिंका वेळेच्या क्रमाने लावते आणि दिवसातल्या वरच्या दहा, वरच्या वीस किंवा वरच्या निम्म्याच दाखव, असं सांगायची सोय देते. दोन दिवस साइट उघडली नाही तरी काही बिघडत नाही. माझ्या मते भारतातून वाचणाऱ्याने मूळ पहिल्या पानाऐवजी हेच उघडावं.

*

रेडिटच्या कुठल्याही विभागाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ, टिंब आणि ‘आरएसएस’ ही तीन रोमन अक्षरं जोडा: त्या विभागाची फीड, म्हणजे नव्या पोस्ट आपोआप आणून देणारी यादी, तयार. पुण्याचा, मुंबईचा, मराठीचा असे विभाग तिथे आहेत, त्यांनाही हे लागू. शोधाच्या पानाची फीड होते, एखाद्या सदस्याच्या पानाचीही होते. खातं लागत नाही.

हे दार तिथे आहे याला एक इतिहास आहे. आरएसएसची १.० आवृत्ती ज्या गटाने केली त्यात अॅरन स्वार्ट्झ होता, तेव्हा चौदा वर्षांचा. पुढे त्याची कंपनी रेडिटमध्ये विलीन झाली आणि २००६मध्ये काँडे नास्टने रेडिट विकत घेतलं तेव्हा तो आत होता.

हॅकर न्यूजसाठी एचएनआरएसएस नावाची सेवा आहे आणि ती आणखी कामाची. पत्त्यातच अट घालता येते: शंभराहून जास्त मतं मिळाली तरच पाठव, किंवा शीर्षकात अमुक शब्द असेल तरच. दीडशे मतांची अट घातली की चाळण बारीक होते आणि दिवसाच्या शेवटी वाचण्याजोगं तेवढं उरतं. आपल्या प्रतिक्रियेला कुणी उत्तर दिलं तर हॅकर न्यूज स्वतःहून कळवत नाही. ती उत्तरंही या फीडमधून मागवता येतात.

*

फीड वाचायला काय? गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला तेव्हा आरएसएस मेलं असं पुष्कळांनी जाहीर केलं. मेलं नाही. संगणकावर थंडरबर्डमध्ये मेलच्या शेजारीच फीड वाचता येतात. अॅपलवाल्यांना नेटन्यूजवायर, अँड्रॉइडवर फीडर. तिन्ही फुकट, तिन्हींचा कोड खुला. कुठलंही घ्या, पण एक बघून घ्या: ओपीएमएल नावाची फाइल बाहेर काढता येते ना. त्या फाइलमध्ये आपल्या सगळ्या फीडची यादी असते. गूगल रीडर गेल्यावर ज्यांनी ती वेळेत काढून घेतली त्यांचं बिऱ्हाड एका संध्याकाळीत हललं.

*

मराठी लिंक देणाऱ्यांसाठी. मराठी विकिपीडियावरच्या ‘पुणे’ या पानाचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत नीट देवनागरीत दिसतो. तो कॉपी करून कुठे चिकटवला की ‘पुणे’च्या जागी टक्क्यांच्या चिन्हांची आणि रोमन अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ उमटते. देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ. ‘पुणे’त प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, म्हणून ३६ अक्षरं. ‘महाराष्ट्र’ची ९०. वाचणाऱ्याला ही लिंक कुणा भामट्याची वाटते आणि तो टिचकी मारत नाही, यात त्याचं काय चुकलं?

फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगांच्या पानावर (अबाउट कॉन्फिग) जाऊन ‘डीकोड’ शोधलं की पत्ता कॉपी करताना उलगडून देणारी एक सेटिंग सापडते. मूळ स्थितीत ती बंद असते. चालू केली की देवनागरी पत्ता देवनागरीतच चिकटतो. दुसरा उपाय कुठल्याही ब्राउझरमध्ये करून बघण्यासारखा: सगळा पत्ता निवडायचा नाही, सुरुवातीचं एक अक्षर सोडून कॉपी करायचा आणि ते अक्षर हाताने लिहायचं.

*

पत्त्यांचा विषय निघाला आहे तर शेपट्याही. प्रश्नचिन्हापुढे ‘यूटीएम’ने सुरू होणारं जे लटकलेलं असतं ते वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी असतं. त्यातला ‘यू’ अर्चिन या कंपनीचा. गूगलने ती २००५मध्ये घेतली. फेसबुकची शेपटी वेगळी, तिची सुरुवात एफबी-सीएलआयडी अशी. प्रश्नचिन्हापासून पुढचं खोडून लिंक उघडून बघायची; बहुतेकदा उघडते. फायरफॉक्समध्ये लिंकवर उजवी टिचकी मारली की शेपटी तोडून कॉपी करायचा पर्याय येतो. क्लियरयूआरएल्स हे एक्सटेन्शन तेच काम न सांगता करतं.

*

मतांचा आकडा झाकून वाचावं.

२०१३मध्ये सायन्स या नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनन अराल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग छापून आला. अशाच एका बातम्यांच्या साइटवर त्यांनी लाखभर प्रतिक्रिया घेतल्या आणि त्यातल्या काहींना प्रसिद्ध होताक्षणी एक खोटं अनुकूल मत देऊन टाकलं. बस, एकच मत. त्या प्रतिक्रियांची शेवटची गुणसंख्या सरासरीने २५ टक्क्यांनी वर गेली. गंमत म्हणजे खोटं प्रतिकूल मत दिलं तेव्हा पुढच्या वाचकांनी ते भरून काढलं. चढवलेलं तेवढं चढून राहिलं.

हॅकर न्यूजने प्रतिक्रियांवरचे आकडे २०११पासून दाखवणं बंद केलं, ते शहाणपणाचं होतं. लिंकांवरचे आकडे मात्र आहेत. यूब्लॉक ओरिजिन लोक जाहिराती अडवायला बसवतात, पण त्याच्या खिडकीत ड्रॉपरचं एक छोटं चित्र असतं. त्यावर टिचकी मारायची, मग पानावरचा मतांचा आकडा निवडायचा, ‘क्रिएट’ म्हणायचं. पुन्हा तो दिसत नाही. तीच युक्ती ‘आणखी वाचा’च्या पट्ट्या आणि ‘तुम्हाला हेही आवडेल’चे डबे यांवर चालते. शेजारी विजेचं चित्र असतं, ते तात्पुरतं काढून टाकतं. पान पुन्हा उघडलं की वस्तू परत येते. रेमंड हिल २०१४पासून यूब्लॉक चालवतो आणि देणगीसुद्धा घेत नाही. फायरफॉक्सवर ते पूर्ण चालतं. क्रोमवर आता ‘लाइट’ या धाकट्या भावंडावर भागवावं लागतं.

*

रेडिटवर मत देणाऱ्यांच्या सवयींचा नॉट्र डेम विद्यापीठात अभ्यास झाला, तोही ब्राउझरच्या एका एक्सटेन्शनमधूनच. मत दिलेल्या पोस्टपैकी ७३ टक्के उघडून न बघताच मत दिलेल्या निघाल्या. शीर्षकाला दिलेली मतं ती.

*

‘द ग्रेट सस्पेंडर’ची कथा प्रत्येकाने वाचावी. लिंका वाचणाऱ्याचे टॅब साचतात. हे एक्सटेन्शन क्रोममधले पडून राहिलेले टॅब झोपवायचं आणि मेमरी मोकळी करायचं. फुकट, खुला कोड, वापरणारे वीस लाखांच्या वर. जून २०२०मध्ये मूळ लेखकाने ते विकलं. घेणारा कोण हे सांगितलं नाही. नव्या मालकाने न सांगता आतला कोड बदलल्याचं काही जागरूक लोकांच्या ध्यानात आलं. फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून सगळ्यांच्या संगणकांवर एकदम बंद केलं.

आणि झोपलेले टॅब नाहीसे झाले. कारण झोपवलेल्या टॅबचा पत्ता त्या लेखाचा राहिलेला नसे, तो एक्सटेन्शनच्या स्वतःच्या पानाचा झालेला असे. एक्सटेन्शन गेलं, पान गेलं. मग लोकांनी ब्राउझरच्या इतिहासात त्या एक्सटेन्शनचा क्रमांक शोधला, सापडलेल्या लांब पत्त्यांच्या शेवटी मूळ पत्ता चिकटलेला होता तो कापून काढला आणि एकेक टॅब जिवंत केला.

तेव्हापासून नवं एक्सटेन्शन बसवताना मी दोन गोष्टी बघतो. ते कोणाच्या नावावर आहे आणि ‘सर्व साइट्सवरचा सर्व मजकूर वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी मागतंय का. यूब्लॉकही ती मागतं, त्याशिवाय त्याचं काम होणारच नाही. पण रंग बदलणाऱ्या किंवा घड्याळ दाखवणाऱ्या खेळण्याला ती कशाला हवी? जे काम ब्राउझर आता स्वतः करतो त्यासाठी तर परक्याला आत घेऊच नये. टॅब झोपवणं क्रोममध्ये आता अंगचंच आहे.

*

रेडिटचं जुनं रूप अजून जिवंत आहे. पत्त्यातल्या तीन डब्ल्यूंच्या जागी ‘ओल्ड’ लिहायचं. त्यावर रेडिट एनहान्समेंट सूट हे एक्सटेन्शन घातलं की जे आणि के या कळांनी पोस्टमागून पोस्ट खाली-वर जाता येतं, नको ते शब्द गाळता येतात, आणि एखाद्या सदस्याच्या नावापुढे आपल्यापुरती चिठ्ठी लावता येते. ‘हा दर वेळी आकडे फिरवतो’ अशी चिठ्ठी लावून ठेवली की सहा महिन्यांनी उपयोगी पडते. एक्सटेन्शनमध्ये नवं काही फारसं येत नाही आता, डागडुजीवर चाललं आहे. चालेल तोवर चालेल.

*

मोबाइलवरच्या अवजारांचं मोठं मरण २०२३चं. अपोलो हे ख्रिश्चन सेलिगने केलेलं आयफोनवरचं रेडिट अॅप, रेडिटच्या स्वतःच्या अॅपपेक्षा पुष्कळांना आवडायचं. बाहेरच्या अॅपांना मजकूर पुरवणाऱ्या, तोवर फुकट असलेल्या एपीआयला रेडिटने दर लावला: हजार विनंत्यांना २४ सेंट. आकडा चिल्लर वाटतो, पण अपोलो वापरणारे इतके होते की सेलिगच्या हिशेबाने वर्षाचं बिल दोन कोटी डॉलर झालं. १२ जूनला आठ हजारांवर विभागांनी निषेध म्हणून दारं लावून घेतली. ३० जूनला अपोलो बंद.

यातून वाचली ती थोडी अॅपं. अंध वाचकांनी आवाज उठवला की रेडिटचं स्वतःचं अॅप स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरशी धड जुळत नाही. तेव्हा बिगरव्यावसायिक आणि सुलभतेसाठीच्या अॅपना सूट मिळाली. अँड्रॉइडवरचं रेडरीडर त्यातलं. फुकट, खुला कोड, जाहिरात नाही, दिसायला रुक्ष. ज्याला मजकूर वाचायचा आहे त्याने तेच घ्यावं.

त्याच सुमारास पुशशिफ्ट या रेडिटच्या प्रचंड संग्रहाचंही दार बंद झालं आणि त्यावर उभी असलेली शोधाची, खोडलेल्या प्रतिक्रिया दाखवणारी कितीतरी फुकट पानं एका फटक्यात निकामी झाली. ज्या अवजाराचा सगळा जीव दुसऱ्याच्या एपीआयमध्ये आहे ते वापरावं जरूर, पण त्यावर घर बांधू नये.

*

आपली प्रतिक्रिया उडवली गेली का, हे बघायला काही बसवावं लागत नाही. रेडिटवर काढून टाकलेली प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला स्वतःला जशीच्या तशी दिसत राहते. तिची लिंक खासगी खिडकीत, खात्यात न शिरता उघडायची. दिसली नाही तर गेली.

*

पूर आला की फिरत्या फोटोंत रस्त्यावर पोहणारा शार्क येतो. २०११मध्ये आयरीन वादळाच्या वेळी आला, २०१७मध्ये ह्यूस्टनच्या पुरातही आला. शार्क एकच आहे. छायाचित्रकार थॉमस पेशाक याने दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ कायाकमागून जाणाऱ्या शार्कचं जे छायाचित्र घेतलं त्यातून कापलेला. टिनआय ही कॅनडातली सेवा २००८पासून चित्रावरून चित्र शोधून देते. तिच्यात चित्र टाकलं की निकालांच्या वर क्रम बदलायची सोय असते. ‘सर्वांत जुनं’ निवडायचं. कालच्या म्हणून फिरणाऱ्या फोटोचं सहा वर्षांपूर्वीचं पान समोर आलं की पुढे वाद घालावा लागत नाही. गूगलचा चित्रशोध जास्त चित्रं आणतो, पण जुन्यात जुनं वर लावून देत नाही, आणि इथे हवं असतं तेच.

*

लिंक उद्या मेली तर? पत्त्याच्या आधी वेबॅक मशीनचा पत्ता आणि ‘सेव्ह’ लिहिलं की पान तिथे जमा होतं. ते चालवणारं इंटरनेट आर्काइव्ह १९९६पासून पानं जमवतं आहे, लोकांसाठी वेबॅक २००१मध्ये उघडलं. गूगलच्या निकालांशेजारची साठवलेली प्रत २०२४मध्ये गेल्यापासून त्याच्यावर भार वाढला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्काइव्हवर हल्ला होऊन ते काही दिवस बंद पडलं. ऑगस्ट २०२५मध्ये रेडिटने वेबॅकला मुख्य पानापलीकडे येऊ न देण्याचं ठरवलं. एआय कंपन्या संग्रहाच्या आडून मजकूर उचलतात हे कारण दिलं. कारण खरं असेलही, पण नुकसान उद्याच्या वाचकाचं आहे.

‘नंतर वाचू’च्या याद्या त्याहून नाजूक. ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४मध्ये गेलं, पॉकेट ८ जुलै २०२५ला. त्यामुळे हल्ली सिंगलफाइल हे एक्सटेन्शन. टिचकी मारली की अख्खं पान, चित्रांसकट, एका फाइलमध्ये आपल्या डिस्कवर. कुणाचं खातं नाही, कुणाचं मन बदलायची भीती नाही. फाइलच्या नावात तारीख येते, शोध संगणकाचाच वापरायचा.

*

कोरल आठवतं का कुणाला? मोठ्या साइटच्या पहिल्या पानावर लिंक झळकली की बिचाऱ्या छोट्या साइटचा सर्व्हर गर्दीने झोपायचा; स्लॅशडॉट या लिंका आणि चर्चांच्या जुन्या साइटच्या नावाने हा प्रकार ओळखला जायचा. २००४मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मायकेल फ्रीडमनने कोरल सुरू केलं. साइटच्या नावापुढे ‘एनवाययूडी डॉट नेट’ जोडलं की जगभर विखुरलेल्या संगणकांवरची प्रत मिळायची आणि मूळ सर्व्हरला श्वास घेता यायचा. डिगच्या काळात प्रतिक्रियांत पहिलीच लिंक कोरलची असे. आता बंद आहे.

*

शोधनिबंधाची लिंक आणि समोर पैशाची भिंत: अनपेवॉल हे एक्सटेन्शन. कायदेशीर फुकट प्रत कुठे असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दिसतं.

*

स्लॅशडॉटच्या काही कल्पना अजून कुणी सुधारलेल्या नाहीत. तिथे नुसतं वर किंवा खाली असं मत नसतं. काही सदस्यांना आळीपाळीने थोडे गुण वाटायला मिळतात, आणि गुण देताना कारण निवडावं लागतं: मर्मग्राही, माहितीचं, गमतीचं, विषयांतर, डिवचणारं. प्रतिक्रिया उणे एक ते पाच या पट्टीवर बसते आणि कितीच्या वरचं वाचायचं हे वाचक ठरवतो. मराठीत ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळाने (२०११) श्रेणी देण्याची अशीच पद्धत आणली, ‘मार्मिक’ आणि ‘माहितीपूर्ण’ यांच्याबरोबर तिथे ‘खवचट’ अशी श्रेणीही आहे. खवचट प्रतिक्रियेला वेगळी खुर्ची देणं हे मात्र अस्सल मराठी.

*

हॅकर न्यूजच्या आपल्या खात्याच्या पानावर तीन रकाने कुणी बघत नाही. ‘नोप्रोक्रास्ट’, ‘मॅक्सव्हिजिट’, ‘मिनअवे’. पहिल्यात ‘येस’ केलं की पुढच्या दोन आकड्यांना अर्थ येतो: एका बैठकीला किती मिनिटं, आणि मग किती मिनिटं बाहेर. भरून आलेले आकडे २० आणि १८० असे असतात. वीस मिनिटं संपली की लिंका दिसत नाहीत, ‘कामाला लागा’ असा निरोप दिसतो. वाचकाला स्वतःच्याच पानावरून हाकलायची सोय देणारी बातम्यांची दुसरी साइट मी पाहिलेली नाही. अर्थात हॅकर न्यूजला जाहिरातींवर जगायचं नाही; ते एका गुंतवणूक कंपनीचं आहे.

त्याच पानावर ‘डिले’ आहे. तिथे दहापर्यंतचा आकडा लिहायचा. आपण लिहिलेली प्रतिक्रिया तितकी मिनिटं फक्त आपल्यालाच दिसते, तोवर सुधारता येते, खोडताही येते. मी दहा लिहिलं आहे. दहाव्या मिनिटाला कितीतरी प्रतिक्रिया मीच काढून टाकतो.